चार लॉट, एक पाकीट आणि ७२० रुपये टपालखर्च

प्रकरण २०२५च्या उन्हाळ्यातलं आहे. परभणी जिल्ह्यातल्या सेलूचे एक शिक्षक जुनी टपाल तिकिटं जमवतात. निजामाच्या हैदराबाद संस्थानाची तिकिटं हा त्यांचा खास विषय. मे महिन्यात एका ऑनलाइन लिलावात एकाच विक्रेत्याचे चार लॉट, म्हणजे एकेका बोलीला काढलेला माल, त्यांच्या नावावर सुटले. बोली ३१०, १४०, ९५ आणि ६५ अशी, म्हणजे मालाचे ६१० रुपये. दुसऱ्या दिवशी बिल आलं १,३३० रुपयांचं. वरचे ७२० रुपये 'शिपिंग अँड हँडलिंग' या नावाखाली, प्रत्येक लॉटला १८० प्रमाणे. लॉटच्या पानावर याबद्दल दोनच शब्द होते: 'शिपिंग एक्स्ट्रा'. आकडा कुठेच नव्हता.

सरांनी पैसे भरले. न भरून चालत नव्हतं. जिंकलेल्या बोलीचे पैसे मुदतीत भरले नाहीत तर खातं बंद होतं आणि पुढच्या लिलावांना मुकावं लागतं. आठवड्याभरात पाकीट आलं आणि ते घेऊन सर माझ्याकडे आले. मी टपाल खात्यात काउंटरवर आयुष्य घालवलेला माणूस, त्यामुळे असली कागदपत्रं आसपासचे लोक मला दाखवायला आणतात.

पाकीट एकच होतं. चारही लॉट त्यात.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण मराठवाड्यातल्या संग्राहकांना हा अनुभव वारंवार येतो आणि बहुतेक जण "जाऊ द्या हो, शे-दोनशेसाठी कुठं भांडत बसायचं" म्हणून सोडून देतात. भांडायची गरज नसते. हिशेब मांडायची असते.

आधी माल काय होता ते सांगतो, म्हणजे सर त्या बोलीत का उतरले ते कळेल. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं टपाल होतं आणि १८६९पासून स्वतःची तिकिटं होती. १९३१मध्ये निघालेल्या मालिकेत चारमिनार, उच्च न्यायालय, उस्मानसागर अशी चित्रं आहेत. त्यातल्या आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठा लेण्यांचं प्रवेशद्वार आहे आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा चांदमिनार. आपल्या भागातल्या संग्राहकाला ही दोन तिकिटं हवीच असतात. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला, पुढे संस्थानाचं टपालही भारताच्या टपालात मिसळलं, आणि ही तिकिटं वाड्यांतल्या जुन्या पत्रांवर, दप्तरांत आणि मग व्यापाऱ्यांच्या अल्बमांत गेली. सेलूत किंवा जिंतुरात तिकिटांचं दुकान नाही. प्रदर्शनं भरतात ती मुंबई, पुणे, हैदराबादेत. म्हणून आमचा माणूस मोबाईलवरच बोली लावणार, हे विक्रेत्याला पक्कं ठाऊक असतं.

पाकिटावरचा कागद

सरांचा राग ७२० या आकड्यावर होता. मी म्हटलं, राग बाजूला ठेवा, आधी पाकीट वाचू.

स्पीड पोस्टाच्या पाकिटावर बुकिंगच्या वेळी एक चिठ्ठी चिकटवतात. लोक तिच्यावरचा तेरा अक्षरी क्रमांक तेवढा बघतात, कारण ट्रॅकिंगला तो लागतो. त्याच चिठ्ठीवर बारीक टाईपात कोणत्या टपाल कार्यालयात, कोणत्या तारखेला, किती वाजता बुकिंग झालं ते असतं, आणि शेवटच्या ओळीत वजन, रक्कम आणि कर. या पाकिटावर वजन होतं ३८ ग्रॅम, रक्कम ४१ रुपये ३० पैसे, त्यात कर ६ रुपये ३० पैसे. त्या वेळी ५० ग्रॅमपर्यंतचं स्पीड पोस्ट गावाबाहेर भारतात कुठेही ३५ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी असंच होतं. म्हणजे खात्याने घेतले ४१.३० आणि सरांनी भरले ७२०.

(१ ऑक्टोबर २०२५पासून हे दर बदलले. ५० ग्रॅमपर्यंत गावाबाहेर ४७ रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे ५५ रुपये ४६ पैसे. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवाही त्याच वर्षी स्पीड पोस्टात विलीन झाली. आज कुणी जुना रजिस्टरचा दर धरून हिशेब करत असेल तर तो चुकेल.)

ती चिठ्ठी हा या प्रकरणातला सगळ्यात मोठा पुरावा. पाकीट फोडताना ती फाटते, किंवा पाकीट थेट कचऱ्यात जातं. सरांनी कात्रीने कडेने कापलं होतं, चिठ्ठी शाबूत होती. तिचा, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा आणि आत एकत्र ठेवलेल्या चार लॉटांचा फोटो काढून घेतला. लॉटच्या पानांचे स्क्रीनशॉटही लगेच घेतले. लिलाव संपल्यावर ती पानं विक्रेता बदलू शकतो किंवा ती दिसेनाशी होतात.

मागायचं किती

इथे सरांचं आणि माझं पटेना. सरांचं म्हणणं, ४१ रुपयांच्या जागी ७२० घेतले, म्हणजे ६७८ परत मागायचे. मला ते मान्य नव्हतं. टपालखर्च म्हणजे फक्त तिकीट नसतं. आतल्या जुन्या तिकिटाला प्लास्टिकची पिशवी लागते, दोन बाजूंना जाड पुठ्ठा लागतो, पाकीट लागतं, टपाल कार्यालयापर्यंत जायला माणूस लागतो. तो खर्च विक्रेत्याने घ्यावा. किती घ्यावा यावर मात्र तासभर वाद घालता येतो, आणि जिथे वाद घालता येतो तिथे समोरचा माणूस नेमका तेवढाच धागा धरून बसतो.

म्हणून मी वेगळा मार्ग सुचवला. विक्रेत्याचाच दर धरा. त्याने एका पाठवणीला १८० लावले. लावू द्या. पाठवण्या किती झाल्या? एक. मग १८० एकदा, आणि उरलेले ५४० परत. यात पॅकिंगला किती लागतं, माणसाचा रोज किती, हा प्रश्नच उरत नाही. चार पाठवण्यांचे पैसे घेतले आणि एकच केली, हे पाकीट स्वतः सांगतं.

१८० हाही आकडा जास्तच होता. त्याबद्दलची तक्रार वेगळी ठेवायची ठरली: बोली लावण्याआधी तो दाखवला नाही, ही. एकाच पत्रात पैशाची मागणी आणि दराबद्दलचा संताप मिसळला की वाचणारा दोन्हीकडे दुर्लक्ष करतो.

पहिला निरोप सरांनी विक्रेत्याला संकेतस्थळाच्या आतल्या संदेशपेटीतूनच पाठवला. हे महत्त्वाचं. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फोनवर झालेलं बोलणं संकेतस्थळवाले मानत नाहीत. मजकूर असा होता:

"आपले चार लॉट मिळाले, माल वर्णनाप्रमाणे आहे, धन्यवाद. बिलात चार स्वतंत्र पाठवण्यांचे १८० प्रमाणे ७२० रुपये घेतले आहेत. चारही लॉट एकाच पाकिटात आले. पाकिटावर वजन ३८ ग्रॅम आणि टपाल ४१.३० असं छापलेलं आहे, फोटो सोबत आहे. एका पाठवणीचे १८० ठेवून ५४० रुपये सात दिवसांत परत करावेत."

निरोप हिंदीत गेला. मालाबद्दल समाधान आधीच लिहून टाकलं, म्हणजे पुढे विक्रेत्याला विषय मालाकडे वळवता येत नाही.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. "सर, ये हमारा फिक्स चार्ज है, सबसे लेते हैं." आणि खाली एक ओळ, आपला पत्ता दुर्गम भागातला असल्याने खर्च जास्त येतो. ही दुसरी ओळ वाचून मला मनस्वी वाईट वाटलं. सेलू मनमाड-परभणी रेल्वेमार्गावरचं तालुक्याचं गाव आहे. आणि खासगी कुरिअरवाले आडगावाला जादा पैसे लावतात किंवा "तालुक्याला येऊन घेऊन जा" म्हणतात हे खरं असलं, तरी टपाल खात्यात तसं नाही. स्पीड पोस्टाचा दर वजनावर आणि अंतराच्या टप्प्यावर ठरतो. ५० ग्रॅमच्या आत तर बाहेरगावी अंतराचाही फरक नाही. मुंबईच्या दादरला जे लागतं तेच सेलूला लागतं. मराठवाड्याच्या नावावर जादा पैसे लावणारा माणूस टपालाचा दर सांगत नसतो, आपल्या अंतराचा फायदा उठवत असतो.

सरांनी तेवढंच दोन ओळींत कळवलं. त्यावर पुढच्या खरेदीत १८० रुपये सूट देतो असं उत्तर आलं. नको म्हटल्यावर ३६० परत करतो, पण आधी चांगला अभिप्राय लिहा. इथे सर ठाम राहिले. पैशांच्या बदल्यात अभिप्राय लिहिणार नाही, हिशेब मिटला की जे घडलं तेच लिहीन, असं त्यांनी कळवलं. मला त्यांचा हा बाणा फार आवडला. अभिप्राय वाचूनच पुढचा गिऱ्हाईक बोली लावतो, अभिप्रायच विकला तर लिलावात विश्वास ठेवायला उरतंच काय.

विक्रेता असं का करतो

काही जण निव्वळ लोभापायी करतात. पण लिलावाच्या रचनेतच याला वाट असते, ती समजून घेतलेली बरी. संकेतस्थळ आपलं कमिशन साधारणपणे बोलीच्या रकमेवर घेतं. मग विक्रेता वस्तू स्वस्तात सोडतो आणि नफा टपालखर्चात भरतो. त्या भागावर कमिशन बसत नाही. दुसरं, माल परत आला तर वस्तूची किंमत परत करावी लागते, टपालखर्च बहुधा नाही. तिसरं, यादी किमतीप्रमाणे लावली की दहा रुपयांपासून सुरू होणारा लॉट सगळ्यात वर दिसतो. ईबे या अमेरिकी लिलावस्थळावर ही चाल इतकी रुळली होती की २०११मध्ये अमेरिकेत त्यांनी टपालखर्च धरून एकूण रकमेवर आपली फी लावायला सुरुवात केली. जास्तीचा टपालखर्च लावू नये असा त्यांचा नियमही आहे. भारतातलं त्यांचं स्वतंत्र संकेतस्थळ २०१८मध्ये बंद झालं. आता इथला संग्राहक छोट्यामोठ्या लिलावस्थळांवर आणि फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत बोली लावतो, आणि प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी.

कायदा कुठे लागू पडतो

ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा. त्याखालचे ई-कॉमर्स नियम जुलै २०२०मध्ये आले. त्यात विक्रेत्याच्या कर्तव्यांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की वस्तूची एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची आणि तिची फोड द्यायची, त्यात डिलिव्हरी, टपाल आणि हाताळणीचं शुल्क, वाहतूक, कर, सगळं आलं. 'शिपिंग एक्स्ट्रा' या दोन शब्दांनी हे कर्तव्य पुरं होत नाही. लिलावात अंतिम बोली आधी सांगता येत नाही हे कबूल, पण टपालखर्चाचा आकडा सांगायला बोली आडवी येत नाही.

दुसरा आधार ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांचा. ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा प्रकारच्या मांडण्या, ज्यांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात, त्यांत गैर ठरवल्या आहेत. 'ड्रिप प्रायसिंग' हा त्यातलाच एक: किमतीचा काही भाग आधी दडवून ठेवायचा आणि गिऱ्हाईक अडकल्यावर पुढे करायचा. सरांच्या बिलातले १८० नेमके याच प्रकारात बसतात.

पण हे नियम सगळ्यांना लागत नाहीत, आणि इथे बऱ्याच जणांची गफलत होते. एखादा निवृत्त गृहस्थ स्वतःचा जुना संग्रह हौसेने एखाद्या गटात काढत असेल, धंदा म्हणून नियमित विकत नसेल, तर ई-कॉमर्स नियम त्याच्यावर लावता येत नाहीत. तिथे बोलूनच मार्ग काढावा लागतो. तसंच तुम्ही स्वतः पुन्हा विकण्यासाठी घेत असाल तर कायद्याच्या भाषेत तुम्ही ग्राहक ठरत नाही. सरांचा विक्रेता दर आठवड्याला शेकडो लॉट काढणारा व्यापारी होता आणि सर स्वतःच्या अल्बमसाठी घेत होते. दोन्ही बाजूंनी प्रकरण बसत होतं.

पुढची पायरी संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याची. असा अधिकारी नेमणं, त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करणं त्यांना बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, असा नियम आहे. सरांनी तक्रारीत चार गोष्टी जोडल्या: लॉटच्या पानांचे स्क्रीनशॉट, बिल, पाकिटाचा फोटो आणि विक्रेत्याशी झालेले सगळे संदेश. पोच वेळेत आली. त्यानंतर शांतता. विचारलं की "आपली तक्रार प्रक्रियेत आहे" एवढंच छापील उत्तर.

मग सरांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. ही हेल्पलाइन न्यायालय नव्हे, तिला हुकूम काढायचा अधिकार नाही. ती तुमची तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. पण बाहेरून नोंदणी क्रमांकासह विचारणा आली की आतली फाईल हलते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. इथेही तसंच झालं. संकेतस्थळाकडून फोन आला, विक्रेत्याला विचारणा झाली आणि पूर्ण ५४० रुपये सरांच्या खात्यात जमा झाले.

ते झालं नसतं तर? परभणीचा जिल्हा ग्राहक आयोग होता. विक्रेता देशात कुठेही असो, २०१९च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. मुदत दोन वर्षांची. तक्रार ऑनलाइन दाखल होते. तरी ५४० रुपयांसाठी तारखा सांभाळायचा सल्ला मी सरांना दिला नसता. एकाच विक्रेत्याने अनेकांना असंच नाडलं असेल आणि ते सगळे एकत्र येत असतील तर मात्र जरूर दिला असता.

एक उलटं उदाहरणही सांगायला हवं, नाहीतर विक्रेत्यांवर अन्याय होईल. त्याच सुट्टीत सरांनी कोलकात्याहून एक जुनं पत्र घेतलं, पाकिटासकट, निजामाच्या तिकिटाचं. त्याला विक्रेत्याने १५० रुपये टपालखर्च लावला होता आणि लॉटच्या पानावर तो आकडा ठळक लिहिला होता. सर पहिल्या प्रकरणाने पोळलेले, ते याचीही तक्रार करायला निघाले. पाकीट पाहिलं तर दोन जाड पुठ्ठे, मध्ये प्लास्टिकचा कडक पत्रा, कडांना चिकटपट्टी. वजन ५० ग्रॅमच्या वर गेलेलं, आणि त्या वजनाला त्या अंतराचा दर ६० रुपये अधिक कर, म्हणजे ७० रुपये ८० पैसे. उरलेल्या ऐंशी रुपयांत माणसाने इतकी निगुतीने बांधणी केली, आणि पत्राचा कोपरासुद्धा दुमडला नव्हता. मी सरांना म्हटलं, याला उलट पत्र लिहून आभार माना. आकडा आधी सांगितला, काम चोख केलं, यात तक्रारीला जागाच नाही. मोठा टपालखर्च आणि अन्यायकारक टपालखर्च यात हाच फरक आहे.

सर आता बोली कशी लावतात ते सांगतो. एखादं तिकीट घरात पडायला आपल्याला जास्तीत जास्त किती परवडेल, तो आकडा ते आधी वहीत लिहितात. समजा ४००. टपालखर्च १८० असेल तर बोली २२०च्या वर न्यायची नाही, मग समोरचा कितीही चढवो. टपालखर्च लिहिलेलाच नसेल तर आधी विक्रेत्याला संदेश: "सेलू, पिन ४३१५०३. एका लॉटला टपालखर्च किती, आणि एकाहून जास्त लॉट घेतले तर एकत्र पाठवाल का?" उत्तर आलं तर तो लेखी शब्द झाला. उत्तर आलंच नाही तर त्या लॉटला बोली नाही. एकत्र पाठवणारा विक्रेता सापडला की एकाच लिलावात त्याच्याकडूनच जास्त लॉट घ्यायचे, म्हणजे टपालखर्च वाटून जातो. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याकडून पक्कं बिलही ते मागून घेतात. त्यात टपालाची रक्कम वेगळ्या ओळीत आली की पुढचं सगळं सोपं होतं.

सरांनी त्या विक्रेत्याला दिलेला अभिप्राय असा होता: माल उत्तम, वर्णन खरं, टपालखर्च बोलीआधी विचारून घ्या, चार लॉटांचे वेगळे पैसे घेऊन एकत्र पाठवले, तक्रारीनंतर परत केले. पाच-सहा आठवड्यांनी त्याच विक्रेत्याच्या पानांवर 'शिपिंग एक्स्ट्रा'च्या जागी 'शिपिंग १२०, कितीही लॉट' असं दिसू लागलं.

परभणी, हिंगोली, नांदेडच्या संग्राहकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे, तिथेही आठवड्याला बोली चालते. सरांनी हे सगळं प्रकरण तिथे टाकलं. दोन दिवस बरीच चर्चा झाली. जुन्या विक्रेत्यांपैकी एक-दोघे नाराज झाले, "आपल्या-आपल्यात कशाला नियम" म्हणाले. शेवटी असं ठरलं की लॉटच्या पहिल्याच संदेशात फोटोखाली टपालखर्चाचा आकडा लिहायचा, नाहीतर गटप्रमुख तो लॉट काढून टाकतील. गेल्या पोळ्यापासून तिथे त्याच पद्धतीने बोली चालू आहे.